दोघांच्या नावाची पॉलिसी

मला बायकी आवाज फार छान काढता येतो. तरुणपणी वरणगावात गणपतीच्या नाटकात नायिका मीच असायचो. बायकोला हे लग्नानंतर कळलं. मी तिची नक्कल केली की ती लाटणं घेऊन मागे लागायची.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तशी कंपनीची आरोग्य पॉलिसीही सुटली. मग जळगावात आम्ही स्वतःची घेतली, फ्लोटर. एकाच रकमेत दोघं; ज्याला दवाखाना लागेल त्याने वापरायची. माझ्या बीपीला मात्र तीन वर्षांचा थांबा होता, तोवर त्यामुळे झालेल्या आजाराचं बिल मिळणार नव्हतं. बायकोला काहीच नव्हतं. फॉर्म भरताना ती ऐटीत सगळीकडे "नाही" सांगत होती. दहा महिन्यांनी ती झोपेतच गेली.

नूतनीकरणाच्या मेसेजमध्ये दोन्ही नावं होती. तिचं काढायला मृत्यूचा दाखला जोडावा लागणार होता. रेशनकार्डावरून काढलं होतं, बँकेतून काढलं होतं. हे एक राहू दिलं आणि दोघांचे पैसे भरले.

मग एका मुलीचा फोन आला. मोफत तपासणी आहे, मॅडमना द्या म्हणाली. मी घसा खाकरला आणि मॅडम झालो.

"बीपी, शुगर काही?"

"मला कशाला होतंय? आमच्या ह्यांना विचारा, दिवसभर शेव खातात."

मुलगी हसली. मी फोन ठेवला. इतक्या महिन्यांनी तो आवाज घरात झाला होता.

यंदा नूतनीकरणाला जुन्या एजंटच्या जागी धुळ्याच्या एक बाई घरी आल्या, बोलण्यात मधूनच अहिराणी.

"भाऊ, वहिनी कोठे शेत?"

"बोदवडला, बहिणीकडे."

"मग तपासणीची तारीख कधीची घेऊ?"

मी विषय बदलला. "बाई, समजा एखाद्याने घरचं माणूस वारल्याचं कळवलंच नाही, तर?"

"कोणी?"

"आहेत एक ओळखीचे."

"त्यांना सांगा, कंपनी म्हणेल माहिती लपवली. पॉलिसी रद्द होऊ शकते. मग नवीन घ्या, आणि बीपीची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजा."

"आणि आता दाखला दिला तर?"

"तर एकट्याची पॉलिसी करून देते. झालेली दोन वर्षं धरली जातील, एकच उरेल. त्यांच्या घरात दुसरं कोण शे?"

मी कपाट उघडून दाखला काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नाव वाचलं, तारीख वाचली.

"वरीस व्हई गयं, भाऊ."

"हो."

"ओळखीच्यांना सांगा, वेळेत आले." त्यांनी चष्मा पुसला आणि नवा फॉर्म काढला. माझं नाव, वय, बीपी. सगळं भराभर लिहिलं. फोनवरची गंमतही मी सांगून टाकली. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तपासणीच्या फोनचं मी कंपनीला कळवते. पुन्हा असं करू नका."

मग पेन थांबलं. "नॉमिनी कोण? आधी वहिनी होत्या."

"चहा घेता ना?" मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला आणि नातेवाईक एकेक करून आठवू लागलो. पाणी आटत आलं तेव्हा बाहेरून बाई म्हणाल्या, "भाऊ, सावकाश. आज लिहिलंच पाहिजे असं नाही."