ताटाची डावी बाजू

डॉक्टरांनी ह्यांचा डावा हात उचलून ह्यांच्या उजव्या डोळ्यासमोर आणला आणि विचारलं, "हा कोणाचा हात?"

हे म्हणाले, "दत्तूचा."

दत्तू म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. शहापूरच्या त्या दवाखान्याच्या खोलीत हे, मी आणि डॉक्टर, एवढेच होतो. तरी मी मागे वळून पाहिलं.

सीटी स्कॅनमध्ये स्ट्रोक दिसत होता. म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. ह्यांच्या मेंदूची उजवी बाजू दुखावली होती. शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार ती बघते, कारण नसा वाटेत बाजू बदलतात. हात लुळा का पडला ते मला कळलं. पण ह्यांना 'नेग्लेक्ट'ही झालं होतं. डोळे चांगले, कान चांगले, तरी ह्यांच्या लेखी डावीकडे काही उरलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "निरोप दारात येऊन उभा आहे, पण घेणारं घरात कोणी नाही."

चूक माझीही झाली. त्या सकाळी आम्ही म्हसा गावच्या जत्रेला निघणार होतो, ह्यांना बैल बघायचे होते. हे दाढी करून आले ती फक्त उजव्या गालाची. मी हसले. म्हटलं, बाकीची जत्रेतल्या न्हाव्याला ठेवली वाटतं. मग सदऱ्याची एकच बाही घालून अंगणात उभे राहिले, त्यालाही हसले. हातातला चहाचा कप पडला तेव्हा कुठे मी गाडी शोधायला धावले. तोवर दोन-अडीच तास गेले होते. तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, किंवा माणूस असा अर्धाच वागू लागला, तर माझ्यासारखं हसत बसू नका. औषधाचा उपयोग पहिल्या काही तासांतच असतो. ते हसू मला अजून टोचतं.

सापगावला घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. हे सांगत, "दत्तूला थंडी वाजते, पांघरूण घाल गो." मी त्या डाव्या हाताला हात लावून बघायची, तर तो खरंच गार असायचा. तुमचाच हात आहे म्हटलं की हे माझी कीव केल्यासारखे हसत. डावीकडे तोंड न वळवताच त्या बाजूशी बोलत. भाताचं, बैलांचं बोलत, मग उत्तर ऐकावं तसे थांबत आणि मान डोलवत. अकरा वर्षांत मी ह्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं.

मी अंगणवाडीत शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या बाजूला बसायचं मी टाळू लागले. झाडू मारतानाही तेवढी जागा सोडायची. शेजारणीने भगताचं नाव काढलं. मी गेले नाही, पण नाही म्हणायला मला दोन दिवस लागले.

जेवताना हे रोज विचारत, "चटणी नाय वाढलीस?" आपल्याकडे चटणी डावीकडेच वाढतात. सुकटीची चटणी ह्यांचा जीव की प्राण. ती समोर असून दिसत नव्हती. अर्धी भाकरी खाऊन म्हणत, संपली. मी ताट फिरवून द्यायची की उरलेली अर्धी दिसायची. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम शिकवणारी ताई, शहापूरहून आली. तिने ताट फिरवणं बंद करायला लावलं. "ताट नका फिरवू, त्यांना मान फिरवू द्या. आणि तुम्ही डावीकडे बसा." पहिलं मी ऐकलं. दुसरं जमेना. मी समोर बसूनच सांगायची, डावीकडे बघा, अजून डावीकडे. हे उजवीकडेच शोधत राहत.

असे अडीच महिने गेले. एका दुपारी वास आला म्हणून की काय, ह्यांची मान हळूहळू वळली. चटणी दिसली. उजवा हात तिकडे गेला आणि ताटाशेजारी पडलेल्या डाव्या हातावर थांबला. त्याच्या मनगटाजवळ जुना व्रण आहे, भात कापताना विळा लागल्याचा. हे त्यावरून बोट फिरवत राहिले. दोनदा, तीनदा.

"हा तं माझा हात हाये," हे म्हणाले.

मला रडू फुटलं. डॉक्टरांना, त्या ताईला, सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात ह्यांनी हाताच्या पलीकडे पाहिलं. तिथे नुसती सारवलेली जमीन होती.

"मंग दत्तू कुठं गेला?"

अकरा वर्षांपूर्वी ती बातमी ह्यांना दुसऱ्या कोणीतरी सांगितली होती. या वेळी सांगणारी मी होते. सांगितलं. हे लहान मुलासारखे रडले आणि चटणी तशीच राहिली.

मी उठले, ताटाला वळसा घातला आणि ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. तो गार हात मांडीवर घेतला. हे मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. आता रोज मी तिथेच बसते.