देणाऱ्या बाजूचं माणूस

"मॅडम, ते बटन मी दाबून नाई राह्यलो," फोनवर मंगेश म्हणाला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मंगेश वनरक्षक. मूल तालुक्यातल्या जंगलात ड्युटी. तो आणि त्याची बायको ज्योती दत्तक लेकरासाठी पाच वर्षं थांबले होते. मी चंद्रपूरच्या एका दत्तक संस्थेत सोशल वर्कर. त्यांची होम स्टडी मीच केलेली. होम स्टडी म्हणजे लेकरू देण्याआधी घर आणि घरातली माणसं पारखून लिहिलेला रिपोर्ट. मंगेशची आई तेवढी धानोऱ्याकडच्या गावी राहायची. ती भेटायची राहिली होती.

आदल्या दिवशी अकराला त्याच्या मोबाइलवर रेफरल, म्हणजे लेकराचा प्रस्ताव, आला होता. आमच्याच संस्थेतली आठ महिन्यांची मुलगी. फोटो येतो, माहिती येते, आणि अठ्ठेचाळीस तासांत 'रिझर्व्ह'चं बटन दाबायचं असतं. नाही दाबलं तर लेकरू दुसऱ्या कुटुंबाकडे आणि यांचा नंबर मागे. आता चोवीस तास उरले होते.

"काऊन रे? काय झालं?"

"आईले मान्य नाई. गावी येऊन तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला तिले. सकाळपासून जेवली नाई."

रेफरलसोबत मुलीचाही रिपोर्ट जातो, तो मीच लिहिलेला, इंग्रजीत. त्यात माझं वाक्य होतं: 'गिव्हन अप फॉर अ‍ॅडॉप्शन.' वीस वर्षं मी हेच लिहीत आले. सगळेच लिहितात. अर्थ एवढाच, की जन्मदात्या आईने कायद्याप्रमाणे लेकरू दत्तकासाठी दिलं. मंगेशने मोबाइलवर त्याचं मराठी केलं, तर आलं 'सोडून दिलेली'. म्हातारीच्या लेखी मग ती टाकलेली पोर झाली.

मी पर्स उचलली. आमचे सर म्हणाले, "बाई, गळ घालायला घरी जाणं नियमात बसत नाही."

"गळ घालत नाही, सर. माझं वाक्य दुरुस्त करून येते."

दोन बस आणि एक काळीपिवळी जीप बदलून चारला मी गावात पोचले. सारवलेल्या अंगणात म्हातारी मोहफुलं निवडत बसली होती, मंगेश आणि ज्योती दारात उभे होते. भांडण होईल असं वाटलं होतं. तिने आधी पाणी दिलं.

"माय, पोरगी नको का?"

"नको कोन म्हंते? कोनाचीबी असन, पोरगी ते पोरगी. पन आमी सात देवाच्या कुळातले गोंड. आमच्या घरी सून येते, तवा तिच्याकडचं मानूस देवापुढं तिचा हात देते. लेकराचंबी तसंच. टाकलेलीले देनारं कोन हाय? देनारं नाई तर मी घेऊ कशी?"

मी थक्क झाले. हा प्रश्न आमच्या कोणत्याच फॉर्मवर नव्हता.

"टाकली नाही, माय. आईचं नाव सांगता येत नाही, पण ती स्वतः आली. सह्या केल्यावर मन बदलायला कायदा साठ दिवस देतो. त्या दिवसांत ती दोनदा येऊन लेकराला पाहून गेली. जाताना म्हणाली, चांगलं घर पाहून देजा, बाई."

म्हातारीचा हात थांबला. "म्हंजे हातानं देली?"

"माझ्याच हातात दिली."

"मंग देनारं मानूस तर माह्या अंगनात बसून हाय!" ती मंगेशवर कडाडली, "अन् तू म्हंते सोडून देली! दाब ना बटन!"

बटन दाबायला रेंज नव्हती. रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, सकाळचा फोनही तिथूनच केलेला. ज्योती चपला न घालता पुढे पळत सुटली, मागे मंगेश, त्याच्या मागे दुखरे गुडघे घेऊन मी. पाळीवर चाक फिरतंय, फिरतंय, काही होईना. ज्योतीने माझा दंड गच्च धरला होता. मग हिरवी अक्षरं आली.

"झालं! मॅडम, झालं!" ती ओरडली, आणि पन्नाशी उलटलेल्या मी चक्क उडी मारली. इतका आनंद मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

कागदपत्रं झाल्यावर मुलीला घेऊन आम्ही गावी गेलो. देणाऱ्या बाजूला मी एकटीच उभी होते. म्हातारीने ओंजळ पसरली. मी लेकरू तिच्या हातात ठेवलं आणि रडले. सरांना हे सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये 'गिव्हन अप' नसतं. कोणी दिलं आणि कोणाच्या हातात दिलं, तेवढं साधं लिहिते. होम स्टडीत घरची म्हातारी माणसं आधी भेटते.

मुलगी आता चार वर्षांची आहे. मामाचं गाव कोणतं विचारलं, की माझं चंद्रपूर सांगते.