ओल्या चामड्याची गाठ

ओरोझमतला धक्का बसायला फारसं काही लागत नसे. बटाट्याचा भाव वाढला, शेजारच्या घोडीला पांढरं शिंगरू झालं, नारीनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आपल्याच वर्गमित्राची नात निघाली, काहीही चालायचं. डोक्यावरची दाबलेल्या लोकरीची, म्हणजे नमद्याची, उंच टोपी, कल्पाक, मागे सरकायची, जबडा खाली यायचा आणि तोंडातून "ओय, तोबा!" बाहेर पडायचं. कारा-तोर गावात करमणुकीची साधनं कमी. त्यामुळे लोक मुद्दाम त्याच्या फाटकापाशी थांबून एखादी बातमी आत सोडायचे आणि जबडा खाली आलेला बघून समाधानाने पुढे जायचे.

धंद्याने तो खोगीरवाला. खोऱ्यातल्या निम्म्या घोड्यांच्या पाठीवर त्याच्या हातचं काम होतं. मग मेंढपाळांनी घोडे विकून चिनी मोटरसायकली घ्यायला सुरुवात केली, आणि तो धक्का त्याला बरीच वर्षं पुरला. "मालक पिऊन पडला तरी घोडा त्याला घरी आणतो," तो म्हणायचा, "हे लोखंड आणतं का?" म्हणायचा आणि त्याच लोखंडावर नमद्याची बैठक शिवत बसायचा. दुधाचे कॅन, कोकरं, चुलीचा पाइप, गाडीवर जे काही खडखडतं ते ओरोझमतने बांधावं, असं गावात ठरूनच गेलं होतं.

त्याच्या घरातला सगळ्यात मोठा धक्का म्हणजे त्याची मुलगी बुरुल्चा.

"अता," तिने बापाला हाक मारली, "मला नोकरी लागली. परदेशी पाहुण्यांना खिंडी दाखवायच्या."

"घोड्यावरून ना?"

"मोटरसायकलवरून."

"मागे बसून?"

"पुढे. सगळ्यांच्या पुढे."

"ओय, तोबा!"

त्याची बायको, काल्यीचा तिचं नाव, कणीक मळता मळता म्हणाली, "तोंड मिटा. माशी जाईल."

पण काल्यीचाही आतून हललीच होती. खिंडीत ऐन उन्हाळ्यात गारा पडतात, ओढे दुपारी फुगतात, फोन लागत नाही. तेव्हा बुरुल्चाने आईबापांपुढे एक नारिंगी डबी ठेवली. तळहाताएवढी. हा जीपीएस, ती म्हणाली. वाट दाखवतो. शिवाय रोज संध्याकाळी मी हे बटण दाबलं की 'मी ठीक आहे' असा निरोप आकाशातून थेट फोनवर येईल. आणि हे बाजूचं लाल बटण फक्त जिवावर बेतलं तरच दाबायचं. निरोप यायचा तो सूरोनकुलच्या फोनवर. सूरोनकुल हा ओरोझमतचा थोरला चुलतभाऊ. त्याचं घर टेकाडावर, गावात सिग्नल मिळायचा तो तिथेच. रोज संध्याकाळी ओरोझमत आणि काल्यीचा टेकाड चढून जात, फोनवरची ती एक ओळ वाचत आणि मगच घरी येऊन जेवत.

एकदा ओळ आली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही आली नाही. काल्यीचाने चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी बुरुल्चा सफरचंद खात फाटकातून आत आली. "डबी पडली हो. प्लास्टिकची पकड तुटली. मागच्या गाडीचं चाक नुसतं चाटून गेलं म्हणून वाचली."

ओरोझमतचा जबडा त्या दिवशी कुणी मुद्दाम खाली आणायला आलं नाही.

दोष खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचा होता. उन्हाळ्यात तिथली माती पन्हाळी पत्र्यासारखी लाटालाटांची होते, आणि तिच्यावरून गाडी गेली की नट, बोल्ट, आरसे, माणसाचे दात, सगळं ढिलं पडतं. बुरुल्चाने बाजारातून लोखंडी पकड आणली. ती फिरून फिरून डबीचं तोंड जमिनीकडे करायची. रबराचे बंद आणले, ते उन्हाने चिरले. शेवटी ओरोझमतने गाडीचं हँडल हाताने चाचपलं, डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "दे इकडे. उद्या बांधतो."

दुसऱ्या दिवशी त्याने बादलीतून कच्च्या चामड्याची वादी काढली. भिजून ती आतड्यासारखी लिबलिबीत झाली होती.

"शी, अता! याने बांधणार?"

"तुझ्या आजोबांचं खोगीर कशाने बांधलंय? ओलं बांधायचं. वाळलं की आवळतं. मग भूकंप आला तरी सुटायचं नाही."

त्याने हँडलवर नमद्याची जाड घडी ठेवली, म्हणजे हादरे त्यातच मुरतील. घडीवर डबी ठेवली. मग वादी खालून घेतली, वरून घेतली, कोपऱ्यांवरून फुली मारली, हँडलच्या मागे दातांनी ओढून गाठ मारली आणि टोकं आत खोचली.

"पडदा झाकू नका."

"पडदा मोकळा आहे."

"बाजूचं लाल बटण? त्याचं झाकण मागच्या वेळी तुटलंय."

"वादी त्याच्या शेजारून जाते. बघ, बोटभर जागा आहे."

होती. तेव्हा होती. बुरुल्चाने डबी धरून हिसका दिला तर सगळी गाडी हलली, डबी हलली नाही. ओरोझमत नमद्याला हात पुसत म्हणाला, "आता ही सुटेल तर फक्त माझ्या सुरीने." निरोप न आलेल्या त्या दोन संध्याकाळी तो विसरला नव्हता. ही डबी जागेवर राहिली म्हणजे पोरगी जागेवर आहे, एवढंच त्याला कळत होतं.

बुरुल्चा तीन पाहुण्यांना घेऊन निघाली. पहिल्या संध्याकाळी ओळ आली. दुसऱ्या संध्याकाळीही आली. "बघितलंस?" ओरोझमत टेकाड उतरताना बायकोला म्हणाला. "चामडं!"

त्यानंतरच्या दुपारी तो अंगणात लगाम शिवत बसला होता. फाटक वाजलं. त्याने मान वर केली आणि सूरोनकुलला पाहिलं. त्याच्या मागे गावातले दोन वडीलधारे म्हातारे होते. तिघांनी कोट घातले होते. ऐन उन्हाळ्यात, दुपारी, कोट. तिघंही आत आले आणि त्याच्यासमोर रांगेत बसले.

सूरोनकुलने घसा साफ केला. "ओरोझमत, भाऊ, बाज पक्षी पाळतो तो माणूस त्याला हातावर वाढवतो. मांस भरवतो. पण बाज हा शेवटी आभाळाचा. एक दिवस तो हात सोडतो..."

पुढचं ऐकायची गरज नव्हती. त्या खोऱ्यात मेल्याची बातमी कुणी सरळ सांगत नाही. तीन वडीलधारे येतात आणि बाजाची, नाहीतर हंसाची, नाहीतर आटलेल्या झऱ्याची गोष्ट सुरू करतात, आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्याला कळतं. ओरोझमत स्वतः तीनदा असा कोट घालून लोकांच्या अंगणात गेला होता.

त्याचा जबडा खाली आला नाही. कल्पाक मागे सरकला नाही. तोबा म्हटलं नाही. हातातली सुई लगामात अर्धी खुपसलेली होती, ती त्याने सावकाश पूर्ण आरपार ओढली, दोरा ताणला, आणि मग पुढचा टाका कुठे घालायचा ते त्याला आठवेना. कोंबडी पायाशी चोच मारत होती. कानात भोंगा वाजल्यासारखं झालं होतं आणि त्या भोंग्यातून सूरोनकुलचा बाज अजून उडतच होता.

काल्यीचा दारात उभी होती. हात पिठाचे. ती पायरी उतरून थोरल्या दिरासमोर आली.

"थांबा बाइके. बाज राहू द्या. काय झालं?"

"सूनबाई, अशा वेळी बायकांनी..."

"काय झालं?"

"फोन आला होता," सूरोनकुल म्हणाला. "कुठल्याशा बचाव केंद्रातून. रशियनमध्ये बोलत होता."

"काय बोलला? शब्द न शब्द सांगा."

"म्हणाला, बुरुल्चाने लाल बटण दाबलंय. खिंडीखालच्या कुरणाजवळ आहे. आम्ही निरोप पाठवतोय, ती उत्तर देत नाही. हलत नाही."

"मेली म्हणाला?"

सूरोनकुलने दोन्ही म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "असं कुणी फोनवर म्हणतं का?"

"म्हणजे म्हणाला नाही."

"तोंडाने नाही म्हणाला. पण त्याचा आवाज..."

"मग बाज कुठून काढलात?" काल्यीचा ओरडली. "हलत नाही म्हणजे पाय मोडला असेल! गाडीखाली अडकली असेल! पोरगी तिकडे पडलीय आणि तुम्ही इथे कोट घालून बसलात? उठा!"

तिघं म्हातारे उठले. एवढ्या चपळाईने ते गेल्या कित्येक वर्षांत उठले नव्हते.

काल्यीचा स्वतः मागे राहिली. पोरगी जखमी होऊन दुसऱ्या वाटेने घरी आली तर घरात कुणीतरी हवं. गाव निघालं. मोटरसायकली, घोडे, एक जुना ट्रक आणि त्यात गाद्या. सूरोनकुल आणि दोघे म्हातारे चांगल्या घोड्यांवर सगळ्यांच्या पुढे. ओरोझमत शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसला होता, ती चढावर दोनदा बंद पडली. प्रत्येक वेळी तो खाली उतरून नुसता उभा राहिला. शेजारी किक मारत म्हणाला, "काका, काहीतरी बोला तरी." त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, जणू हा माणूस कोण ते आठवत नाही.

वर कुरणात सकाळी गारा झाल्या होत्या. परतीच्या वाटेवर असलेली बुरुल्चा मेंढपाळाच्या नमद्याच्या तंबूत पाहुण्यांना घेऊन थांबली होती, तळलेले बोर्सोक आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस चालू होतं. गाडी बाहेर उभी होती, आणि गारांनी पडदा फुटू नये म्हणून तिने डबीवर नमद्याची टोपी चढवली होती. एका पाहुण्याने तिला हाक मारली. खालून बरीच माणसं येतायत, लग्न आहे का?

तिने बाहेर येऊन पाहिलं. सगळ्यांच्या पुढे तीन म्हातारे. कोट घातलेले. मागे अख्खं गाव. आणि त्यात तिचा बाप कुठे दिसत नव्हता.

तिच्या हातातली वाटी पडली. "अता," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अता! अता गेले!" आणि गुडघ्यांवर बसून तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून मेंढपाळाची कुत्री भुंकायची थांबली.

सूरोनकुलने घोडा खेचला. डोळ्यांसमोर धडधाकट पोरगी दिसत होती, ती रडत होती, आणि आता कोणता पक्षी काढावा हे त्याला सुचेना. "अगं, तू..." तो म्हणाला. "तू मेलीस ना?"

"मी?"

"म्हणजे हलत नव्हतीस!"

"मी जेवत होते! अता कुठायत?"

मागून शेजाऱ्याची गाडी फटफटत वर आली. ओरोझमत ती थांबण्याआधीच उतरला आणि पडला. उठला. बापलेक एकमेकांपासून चार हातांवर उभे राहिले. कुणीच पुढे होईना, दोघांचाही समोरच्यावर विश्वास बसत नव्हता. मग ओरोझमतने पुढे होऊन तिचा कान धरला, लहानपणी धरायचा तसा, आणि सोडेचना.

"दुखतंय, अता."

"दुखतंय?" तो म्हणाला. घरून निघाल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द. "दुखतंय ना? बरं."

"लाल बटण का दाबलंस?" सूरोनकुल आता चिडला होता.

"मी कशाला दाबू?"

सगळे गाडीपाशी गेले. तिने टोपी काढली. पडद्यावर निरोपांची रांग लागली होती: तुम्ही ठीक आहात का, जखमी आहात का, उत्तर द्या. दोन दिवसांच्या ऊनवाऱ्यात चामडं वाळून शिंगासारखं झालं होतं. आवळता आवळता ते जागेवरून सरकलं होतं आणि त्याची कड उघड्या लाल बटणावर अशी बसली होती, की जणू कुणी अंगठ्याने दाबून धरलंय.

ओरोझमतने ती कड पाहिली. बोट फिरवून पाहिलं. डबी जागची केसभर हलली नव्हती. "ओय," तो म्हणाला आणि त्याने कमरेची सुरी काढली.

एक म्हातारा हळूच म्हणाला, "बांधलंय मात्र झकास."

"गप बस," दुसरा म्हणाला.

सुरी चालेना. ओरोझमत करवतीसारखी पुढेमागे ओढत राहिला, बोट कापून घेतलं, तेव्हा कुठे वादी तुटली आणि बटणाचा लाल दिवा विझला. बुरुल्चाने भराभर केंद्राला कळवलं: चुकून झालं, सगळे सुखरूप, क्षमा असावी. मग नेहमीचं बटण दाबलं. "झालं. आईलाही निरोप गेला. आत्ता कळेल तिला."

"कुठे कळेल?" ओरोझमतने विचारलं.

"काकांच्या फोनवर."

सगळ्यांनी सूरोनकुलकडे पाहिलं. सूरोनकुलने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि फोन बाहेर काढला. सिग्नलची एकही काडी नव्हती.

खाली गावात काल्यीचा होती. गावातून बाहेर पडताना सगळ्यांनी पाहिलं होतं, बायका तिच्या अंगणाकडे निघाल्या होत्या. काळे रुमाल बांधून.

"काका, पाहुण्यांना सांभाळा," बुरुल्चा म्हणाली आणि गाडीला किक मारली. "अता, बसा मागे."

"डबी अजून बांधली नाही."

"हातात धरा!"

ओरोझमतने डबी सदऱ्याच्या आत छातीशी धरली, दुसरा हात मुलीच्या कमरेभोवती टाकला आणि डोळे मिटले. ती कशी चालवते ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच वळणाला त्याने उघडून पाहिले आणि पुन्हा मिटले. ओढा आला, तो उडून डोक्यावर आला. लाटालाटांच्या रस्त्याला लागल्यावर त्याची बत्तिशी डबीपेक्षा जास्त खडखडत होती आणि तो प्रत्येक श्वासाला तोबा, तोबा म्हणत होता, आणि बुरुल्चा ओरडून विचारत होती, "डबी आहे ना?"

"आहे!"

"तुम्ही आहात ना?"

"माहीत नाही!"

गावाच्या वरच्या टेकाडाशी आल्यावर तिने गती कमी केली. खालून आवाज येत होता, बायकांच्या रडण्याचा, एकसुरी, लांब. त्यात काल्यीचाचा आवाज आहे की नाही ते कळत नव्हतं. ओरोझमतने मुलीची कंबर घट्ट धरली. बुरुल्चाने हॉर्नवर अंगठा दाबला, आणि फाटकात गाडी शिरेपर्यंत तो उचलला नाही.