मागच्या खोलीतली ओल

विकायच्या घरात कोणीतरी राहतं असावं लागतं, हे मला धंद्यात पडल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं. बंद घराला गिऱ्हाईक दारातूनच नावं ठेवतं. कुलपात किल्ली अडकली, आत कबुतरांची घाण दिसली, मोरीतून वास आला, की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको विचारते, "इतके दिवस बंद का होतं? काही झालं होतं का इथे?" काहीही झालेलं नसतं. मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि त्याच्यामागे म्हातारा-म्हातारी गेलेली असतात. पण कितीही शपथा घ्या, त्या बाईच्या मनातून ते जात नाही.

म्हणून मी अशा घरात माणूस ठेवायला लागलो. माणूस म्हणजे लिलाबाई. मी ज्ञानेश्वर, जळगावात घरं दाखवतो. तोंडावर लोक एजंट म्हणतात, पाठीमागे दलाल म्हणतात, मला दोन्ही चालतं. पाच वर्षांत लिलाबाईने माझी सात घरं खपवून दिली. आठव्याने आम्हा दोघांनाही दमवलं.

ती भडगावकडची. नवरा झिपरू दीपनगरला वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली होता आणि ती कॉलनीतल्या साहेब लोकांची धुणीभांडी करायची. झिपरू वारला तशी ठेकेदाराने खोली काढून घेतली. मुलगा संघपाल पुण्यात, एका खोलीत बायको आणि दोन पोरांसकट. "तठे पाय लांबा कराले जागा नही, भाऊ," ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. मी म्हणालो, माझ्याकडे जागाच जागा आहे अक्का, फक्त एकही आपली नाही. ती हसली नाही. मी मात्र माझ्या विनोदावर हसलो होतो, हे मला आजही आठवतं.

व्यवहार साधा होता. भाडं नाही, विजेचं बिल मालकाचं, बदल्यात तिने घर विकाऊ ठेवायचं. मी नियम घालून दिले. समोरच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. घरात मासळी शिजवायची नाही. रोज सकाळी दारात रांगोळी, तुळशीला पाणी. तुळशीचं ऐकल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पानी घालसू. हात जोडानं सांगू नका." मी म्हटलं, बरं. शेवटचा नियम, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. नव्या रंगाच्या भिंतीला भोक दिसलं की गिऱ्हाईक भाव पाडतं.

तिच्याकडे एक फ्रेम होती. बुद्ध आणि बाबासाहेब एकाच काचेत, आणि खालच्या कोपऱ्यात झिपरूचा आयडी कार्डावरचा छोटा फोटो खोचलेला. खिळाच नाही म्हटल्यावर फ्रेम पेटीत राहिली. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला ती बाहेर निघायची, भिंतीला टेकून जमिनीवर उभी राहायची, दुसऱ्या दिवशी परत पेटीत. खिळ्याचा नियम भिंतीसाठीच आहे असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर गिऱ्हाईक कोण असेल, कसं असेल, फोटो बघून उंबऱ्यातूनच परत फिरेल का, हे माझ्या डोक्यात असायचं. तिलाही ते कळत होतं. पाच वर्षांत आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही.

आमचं घर विकण्याचं काम बारमाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा घर दाखवायचं सकाळी नवाच्या आत. लिलाबाई पहाटे अंगण भिजवायची, कूलरच्या पेंढ्यात वाळा घालायची, पश्चिमेच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावायची. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तर गिऱ्हाईक नेमकं त्याच दिवशी बोलवायचं आणि अंगणातला नळ धो धो सोडून ठेवायचा. पावसाळ्यात कडुलिंबाचा धूर, कोरड्या फडक्याने चार वेळा फरशी, आणि गच्ची गळत असेल तर बादली पलंगाखाली. पितृपंधरवड्यात कोणी घर बघत नाही, तेवढे दिवस ती दुपारची झोपायची. दसरा-दिवाळीला माळा आणि पणत्या. आणि थंडीत माझा हुकमी एक्का, भरीत. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून बामणोदची वांगी भाजली, की आलेला माणूस घराला नावं ठेवायचं विसरतो. जळगावचा असेल तर जेवूनच जातो. मी या भरतावर फार खूश होतो. चार लोकांत सांगायचो, आपण घर नाही विकत, वास विकतो.

आणि घर विकलं गेलं की लिलाबाईने निघायचं. एक पेटी, एक शेगडी, दोन गोधड्या. काम जितकं चांगलं, तितकं घर लवकर जायचं, आणि तितक्या लवकर ती रस्त्यावर. एक घर तर तिने चाळीस दिवसांत खपवलं. बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, एका गच्चीवर वाळत घातल्या आणि तळून खाल्ल्या दुसऱ्याच घरी. सातवं घर गेलं तेव्हा टेम्पोत चढताना तिचा गुडघा धरला. ती तशीच टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, एखादं घर वरीसभर टिकू द्या ना." मला उशीर होत होता. मी म्हणालो, बघू.

आठवं घर पिंप्राळ्याकडच्या एका कॉलनीत, तीन खोल्या, गच्ची, मागे शेवग्याचं झाड. मालक नाशिकला बसून फोनच्या कॅमेऱ्यातून घर बघायचा आणि मला म्हणायचा, तो कोपरा दाखवा, तो पडदा जरा सरळ करा. लिलाबाई तिथे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी राहायला गेली. घर खणखणीत होतं. भाद्रपदात धो धो पावसात मी स्वतः मागच्या खोलीची भिंत हाताने चाचपून पाहिली होती, पार कोरडी. महिन्याभरात जाईल असं मी मालकाला छातीठोक सांगितलं.

ते जाईना. लोक यायचे, फिरायचे, खूश व्हायचे आणि मग फोन उचलायचे नाहीत. दिवाळी गेली. संक्रांत गेली. मालकाने मला नाही नाही ते ऐकवलं. मी भाव उतरवला, गेटला नवा रंग दिला, नेमप्लेट काढून ठेवली. त्या घराचे जिने चढून उतरून माझेही गुडघे गेले. कधी कधी गेटसमोर गाडी लावली की आत जाऊच नये असं वाटायचं.

भुसावळचे अभिमन आणि नूतन हे जोडपं मार्गशीर्षात येऊन गेलं होतं. तो रेल्वेत, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, क्वार्टर सोडावं लागणार. बाईंना घर इतकं आवडलं की देव्हारा कुठे ठेवायचा तेही ठरवून झालं. भरीत दोनदा घेतलं. आणि मग तेही गप्प. फाल्गुनात मी शेवटी वैतागून बाईंनाच फोन लावला आणि विचारलं, निदान माझं काय चुकलं तेवढं सांगा.

"तुमचं काही नाही हो भाऊ," त्या म्हणाल्या. "पण मागच्या खोलीत पावसाळ्यात जमिनीतून पाणी येतं ना. गुडघ्याएवढी ओल चढते भिंतीला."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या मावशीच. मी स्वयंपाकघरात विचारलं. त्या बिचाऱ्या खोटं कशाला बोलतील?"

मी तसाच गाडी काढून निघालो. रागाने मला रस्ता दिसत नव्हता. दहा महिने मी मालकाच्या शिव्या खातोय आणि ही घरात बसून माझ्या पोटावर पाय देतेय. लिलाबाई अंगणात शेवग्याच्या शेंगा तोडत होती. तिच्याशी न बोलता मी सरळ मागच्या खोलीत गेलो. हे दार दिवाळीपासून ती गिऱ्हाईक आलं की लोटून घ्यायची, मी बाहेरूनच खोलीचं माप सांगून उरकायचो आणि मला वाटायचं, आत तिचा पसारा असेल.

भिंत कोरडी होती. भिंतीच्या बरोबर मध्ये एक खिळा होता आणि खिळ्याला ती फ्रेम. खाली पाटावर मेणबत्ती, वाटीत दोन मोगऱ्याची फुलं. झिपरूचा फोटो आता कोपऱ्यात खोचलेला नव्हता, नीट काचेच्या आत बसवलेला होता. जी भिंत तिने जगाला खराब म्हणून सांगितली, तिच्यावर तिने घर केलं होतं.

ती मागे येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "अक्का, हे काय केलं तुम्ही?"

ती माझ्याशी नेहमीच अर्धी अहिराणीत बोलते, त्या दिवशी पूर्ण बोलली. "बाया सयपाकघरमा येतस, इचारतस. सात घरेसमा मी बठ्ठं खरं सांगं. गळस ते गळस, नही ते नही. तुमले काय वाटस भाऊ, भरीत खाईसन लोके घर लेतस?" मग म्हणाली, "आठे खोटं बोलनू. माले एक वरीस पाहिजे व्हतं. आखाजीपासून आखाजीलोंग."

सात घरं मी वाळ्याने आणि वांग्याने विकली अशा ताठ्यात मी पाच वर्षं फिरत होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी चिडलो. म्हणालो, माझं जाऊ द्या, त्या भुसावळच्या बाईंचं काय? क्वार्टर सोडायचंय त्यांना. तुमच्या शब्दावर त्यांनी चांगलं घर सोडलं.

हे तिला लागलं. मला लागावं म्हणूनच मी बोललो होतो. ती पाटापाशी बसली आणि ओच्यातल्या शेंगांचे देठ खुडायला लागली. मग म्हणाली, "फोन लावा. मीच सांगस तिले."

मी लावला. फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता. "नूतनबाई, मी लिलाबाई बोलते. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. भिंत कोरडी आहे. मला इथून जायचं नव्हतं म्हणून बोलले." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती फक्त "हो" म्हणाली, परत "हो" म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

घर चार दिवसांत ठरलं. अभिमनरावांना पाडव्याला ताबा पाहिजे होता. मी त्यांना सांगितलं, साहेब, पाडव्याचं काय घेऊन बसलात, आखाजीला घेतलेलं अक्षय असतं, आमच्याकडे जाणते लोक आखाजीलाच उंबरा ओलांडतात. असं काही मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना पटलं. लिलाबाईचं वर्ष पुरं होत होतं. मी तिला तसं सांगितलं तेव्हा तिने मान हलवली आणि बिबड्यांचं पीठ भिजवायला घेतलं. त्या वर्षी तिने पहिल्यांदा गेल्या साली ज्या गच्चीवर बिबड्या घातल्या, त्याच गच्चीवर पुन्हा घातल्या.

आखाजीला सकाळी नूतनबाई नवी घागर घेऊन आल्या. घर लखलखत होतं. मी मागच्या खोलीत गेलो. खिळ्याच्या जागी तिने पुट्टी भरून वर रंगाचा हात फिरवला होता. मला ती जागा माहीत होती, तरी सापडायला वेळ लागला. बाहेर रिक्षा टेम्पो उभा होता, पेटी चढवून झाली होती.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. नूतनबाईंनी कोणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, "मावशी, आता कुठे राहणार तुम्ही?" मी दाराशीच थांबलो.

"घर आहे ना मला, बाई. इथून जवळच."

"स्वतःचं?"

"हो, स्वतःचं."

नूतनबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी विश्वास ठेवला, कारण या बाईने स्वतःचं खोटं स्वतःहून फोन करून कबूल केलेलं होतं. माझ्या खिशात नवव्या घराची किल्ली होती, ती मी बाहेर येईपर्यंत मुठीत धरून ठेवली.

टेम्पोत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, फ्रेम मांडीवर, काचेवर पदर. मी खिडकीशी उभा होतो. तिने पदराची गाठ सोडून मला दाखवलं. आत तो खिळा होता, चिमट्याने उपटताना जरा वाकलेला.

"भाऊ, नव्या घरमा ठोकू का?"

"ठोका," मी म्हणालो. "ते घर वर्षभर तरी जात नाही."

तिने गाठ परत बांधली आणि टेम्पो निघाला. सोमवारी सकाळी नऊला त्या घराचं पहिलं गिऱ्हाईक येणार होतं.