देवाची मूठ
ज्वारी दळून आणली की त्या कोमट पिठाच्या वासानं पूर्णा स्टेशनामागची आमची खोली आठवते. दळायला बसण्याआधी आई ज्वारीची एक मूठ कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. ती देवाची, रविवारी चर्चमध्ये न्यायची. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून आलेली एक बाई एके दिवशी लेकरू घेऊन दारात उभी राहिली. "पेजेपुरती ज्वारी द्या वो माय." आमची ज्वारी सकाळीच सरली होती. "मडक्यात हाय, पण ती देवाची हाय. मला हात लावता येत न्हाई," आई म्हणाली. बाई मडक्याकडे बघत निघून गेली. रविवारी सगळ्यांच्या मुठी एकत्र करून चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "हे स्टेशनावरच्या उपाशी लोकांना वाटून या." आई गठुडं घेऊन पळतच गेली, मी तिच्या मागं. फलाट माणसांनी भरला होता, ती बाई मात्र कुठंच नव्हती. ज्वारी वाटून झाल्यावर आई तिथंच खाली बसली. "देवच मागायला आल्ता गं," ती मला म्हणाली, "अन् मी त्यालाच सांगितलं, हे देवाचं हाय म्हणून." त्या दिवसापासून मडकं उंबऱ्यापाशी आलं. आई गेली, मडकं माझ्याकडे आहे, अजून दाराशीच, भरलेलं. मागायला आता कुणी येत नाही.