दादाच्या मागासाठी विचारलेला प्रश्न

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. एका बोटाने टाइप करतो, आणि काही चुकीचं दाबलं तर सगळं पुसलं जाईल अशी धास्ती असते. म्हणून रोज उद्यावर टाकत गेलो...

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. मी तेव्हा नागपुरात आमच्या विणकर सोसायटीत शिपाई होतो. शिक्षण जेमतेम सातवी.

माझा मोठा भाऊ, दादा, घरीच हातमाग चालवायचा. साडीच्या काठाची नक्षी तो आधी चौकटीच्या कागदावर काढायचा, आणि चौकटी बघून सुताचे तार मोजायचा. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग बघू. हात मागावर आपोआप चालायचे, पण कागदावरच्या बारीक चौकटी एकमेकांत मिसळायच्या. नवी नक्षी नाही तर सोसायटीचं काम नाही, आणि काम नाही तर माग बंद.

त्याच सुमारास सोसायटीत कॉम्प्युटर आला. एका कॉलेजातल्या सुनंदा मॅडमनी काठाची नक्षी मोठ्या चौकटींत छापून देणारा एक प्रोग्रॅम बनवला होता. तो त्यांनी आम्हाला फुकट दिला. वर सांगितलं, कुणालाही द्या, लागेल तसा बदला, फक्त काय बदललं ते मला कळवा. मला काळजीच वाटली. फुकट वस्तू देणारं माणूस नंतर काय मागेल, याचा नेम नसतो...

कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्याला हात लावायची मुभाही मलाच. दादाने तारांचा जो आकडा सांगितला तो मी भरला. कागद छापून आला. चौकटी चांगल्या बोराएवढ्या, दादाला स्पष्ट दिसल्या. त्याने आठवडाभर खपून नमुना विणला.

काठ निम्म्याच रुंदीचा निघाला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "हा काठ आहे का पायजम्याची नाडी?" लोक हसले. दादा घरी येऊन मागापाशी बसला. म्हणाला, "वसंता, त्या मशीनले आपलं काम नाही समजत गा. मले बारीक चौकटी दिसत नाही, आता हा माग मोडून टाक."

मला वाटलं, मीच मशीन बिघडवलं. नमुन्याचा तुकडा खिशात घालून सायकलने कॉलेजात गेलो. दारात किती वेळ चपला काढू की नको करत उभा होतो...

मॅडमनी तुकडा उजेडात धरला आणि टाचणीने तार मोजले. "भाऊ, आकडा किती भरलात?"

"दादाने सांगितला तेवढाच."

"सुटे तार?"

"जोड्या. तार जोडीनंच मोजतात ना, मॅडम?"

त्यांनी टाचणी खाली ठेवली आणि एकदम हसल्या. म्हणाल्या, "अहो, मशीन एकेक सुटा तार मोजून राहिलं होतं. तुमच्या दादांचंही बरोबर आणि त्याचंही बरोबर."

मग त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक नवा प्रश्न घातला, जोड्या की सुटे? मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, जे कळणार नाही ते विचारा. मी नको नको ते विचारलं. कागद संपला तर? मध्येच लाइट गेली तर? परत पहिल्यापासून भरावं लागेल का? त्या प्रत्येक वेळी काहीतरी सुधारायच्या, नाहीतर दोन ओळींचं उत्तर त्यातच लिहून ठेवायच्या.

पुढचा काठ नीट उतरला. सेक्रेटरींनी साडी ठेवून घेतली... दादाला काम मिळालं.

काही महिन्यांनी उमरेडचे एक विणकर सोसायटीत आले. त्यांच्याकडेही तोच प्रोग्रॅम होता. "तुम्हीच वसंता का?" म्हणाले, "प्रोग्रॅम सुरू केला की मदत करणाऱ्यांची नावं येतात, त्यात तुमचं आहे."

मी तडक घरी गेलो. दादाला म्हटलं, "कुणाचा काठ बिघडला तर मलेच धरतील." दादा म्हणाला, "काहून धरतील? तू काय सूत चोरलं?" पण मला झोप येईना. शेवटी मॅडमना विनंती करायला गेलो की माझं नाव काढा.

मॅडम म्हणाल्या, "उमरेडचा काठ पहिल्याच वेळी बरोबर उतरला, भाऊ. मशीनने जोड्या की सुटे विचारलं म्हणून. ते विचारायला तुम्ही लावलं. मग नाव कुणाचं घालू?"

नाव राहिलं... पुढे भंडाऱ्याचे आले, पवनीचे आले. कोणी अडलं की मला विचारायचे. मी घाबरत घाबरत सांगायचो, आणि मला येत नसेल ते मॅडमना विचारून यायचो. एवढ्या वर्षांत कुणीच मला धरलं नाही.

नंतर मॅडमच्या यजमानांची बदली झाली आणि त्या नागपूर सोडून गेल्या. निरोपाला जायचं होतं, पण मोठ्या माणसांच्या घरी जावं की नाही, या विचारातच दिवस निघून गेले.

मॅडम, दादा आता नाही. पण तो होता तोवर त्याचा माग बंद पडला नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही हे वाचत असाल, किंवा कुणाला तुमचा ठावठिकाणा माहीत असेल, तर दोन शब्द टाका. जरा लवकर... मी सकाळ-संध्याकाळ फोन उघडून बघतो.