तक्त्यावरची शंभरी

आमच्या ग्रुपनं गड-शिखरं मोजायला घेतली, तेव्हा त्यासोबत किस्सेही साठत जातील असं वाटलं नव्हतं. आता आकडा विचारलात तर मी विषय बदलतो. किस्से मात्र चहा थंड होईपर्यंत सांगेन.

चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत, कँटीनच्या भिंतीवर तक्ता होता. नावापुढे चढलेल्या माथ्यांचा आकडा. अक्षर माझं, नियमही माझा : माथ्यावर चेहऱ्यासकट फोटो असेल तरच धरायचं. मी क्वालिटीतला माणूस, दुसऱ्याचं काम नापास करायची सवयच लागलेली.

*

स्टोअरचा जाधव म्हणाला, देवगिरी लिहा, सातवीत शाळेच्या सहलीला गेलो होतो. मी फोटो मागितला. त्यानं आईच्या ट्रंकेतून तो शोधून आणला. माथ्यावर अख्खा वर्ग होता, जाधव नव्हता! शेवटी कबूल झाला, की गडावरच्या अंधाऱ्या भुयारातल्या वटवाघळांना घाबरून तो खाली सरांजवळ पेरू खात बसला होता.

"पण तिकीट तर काढलं होतं ना!"

मी नाही धरलं. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

*

अकाउंट्सच्या वैद्य मॅडमकडे उंची आणि छातीचे ठोके मोजणारं घड्याळ होतं. एका रविवारी शेंद्र्याला नात्यातलं लग्न निघालं, तर मॅडमनी घड्याळ जाधवच्या मनगटावर बांधून पाठवलं. जाधव चढायला लागला आणि इकडे मॅडमच्या मिस्टरांच्या मोबाइलवर मेसेज आला, ठोके फार वाढलेत, डॉक्टरांना दाखवा. मॅडम त्यांच्या शेजारीच बसून जिलेबी खात होत्या.

सोमवारी तरी भांडल्याच. म्हणे, घड्याळ माझं आहे, चढाईही माझीच.

*

कळसूबाईवर फोटोसाठी तासभर रांगेत उभे होतो आम्ही. धुकं इतकं, की पुढच्याची पाठ तेवढी दिसायची. घरी बायकोनं विचारलं, वरून काय दिसलं? मी फोटो दाखवला.

"हा तर आपल्या गच्चीवरही काढता आला असता," ती म्हणाली.

मला राग आला, कारण ती बरोबर होती. पण पाय धुवायच्या आधी मी आकडा डायरीत लिहून घेतला होता.

*

ज्ञानोबा शिंदे टूल रूममधला फिटर, पाचोडचा. बोलणं कमी, चालणं भरपूर. मी नव्व्याण्णववर होतो आणि तोही. ज्याची शंभरी आधी, त्याला प्लँट हेडच्या हस्ते शाल. ती शाल मला प्रमोशनपेक्षा जास्त हवी होती. आज सांगायला लाज वाटते, पण हवी होती.

साल्हेरला दोघांचीही शंभरी भरणार होती. गुहांच्या पुढचा शेवटचा चढ चढताना माझ्या छातीत कळ आली. मी खाली बसलो. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. शिंदे माझ्या तीसेक पावलं वर होता, त्याला माथ्यावरचं देऊळ दिसत होतं. त्यानं वळून पाहिलं आणि खाली आला.

कधी खांद्याला धरून, कधी पाठीवर घेऊन त्यानं मला पायथ्याला आणलं. थोड्या थोड्या वेळानं थांबायचा, तळवा माझ्या छातीवर ठेवायचा आणि विचारायचा, "दुखतंय का, सायेब?"

*

दीड महिन्यानं कामावर आलो. जेवताना जाधव म्हणाला, शिंदेची शंभरी लिहून टाका, हातभर राहिला होता माथा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तक्त्याकडे बघत विचारलं, "फोटो कुठंय?"

शिंदेच म्हणाला, "नाय तर नाय. नियम सगळ्यांला सारखाच." आणि डबा धुवायला उठला. त्यानंतर तो रविवारी कधी आला नाही. विचारलं की शेतात कामं आहेत म्हणायचा.

*

माझी शंभरी मी पुढं एका पायऱ्यांच्या गडावर भरली. माथ्यावर चहाची टपरी होती. फोटो चेहऱ्यासकट आला.

कँटीनमध्ये सत्कार ठरला. ऐन वेळी प्लँट हेडना मीटिंगचं बोलावणं आलं. शाल कोण घालणार? कुणीतरी शिंदेला पुढं ढकललं. त्यानं हात पँटला पुसले, शाल माझ्या खांद्यावर घातली, एक टोक घसरत होतं ते नीट केलं. टाळ्या झाल्या. मग त्यानं तळवा माझ्या छातीवर ठेवला, तसाच, आणि हळूच विचारलं,

"आता दुखतंय का, सायेब?"